कुणाला काही होणार नाही ना?

लघवीतून रक्त जातंय हे आईनं कुणालाच सांगितलं नव्हतं. मला ते कळलं मोरीत तिनं भिजवून ठेवलेल्या साडीवरून. माझ्या बाळंतपणाला ती केडगावला आली होती. रीतीप्रमाणे मी माहेरी जायचं, पण माझं माहेर पाथर्डी तालुक्यातलं. दिवाळी झाली की अर्धं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला साखर कारखान्यांवर जातं. भाऊ-भावजयही जातात. मागे उरलेल्या एकट्या म्हातारीनं बाळंतीण कशी सांभाळायची? म्हणून आईच माझ्याकडे आली, आणि मुलगी मान धरायला लागली तरी मी तिला परत जाऊ दिलं नव्हतं. शाळेत मला पुन्हा रुजू व्हायचं होतं. बाळाला बघायला कुणीतरी लागणार होतं.

"हे काय गं?" मी साडी दाखवून विचारलं.

"मलाबी कळंना," ती म्हणाली. "पिशवी तर कवाच काढली माझी. मंग हे कुठून येतंय?"

आईची गर्भपिशवी ऐन तरुणपणी काढली होती. तेव्हा ती आणि वडील उसाच्या फडावर असायचे. ओटीपोटात दुखायचं म्हणून ती तिथल्या एका डॉक्टरकडे गेली. ठेवली तर पुढं कॅन्सर होईल असं सांगून त्यानं पिशवी काढून टाकली. टाके पुरते भरले नव्हते तेव्हा ती परत मोळ्या डोक्यावर घेऊन ट्रकची फळी चढत होती. मी वसतिगृहात शिकत होते, मला हे सगळं नंतर कळलं. त्यामुळं कॅन्सर या गोष्टीचा तिच्यापुरता निकाल लागलेला होता. तो होऊ नये म्हणून काय द्यायचं ते तिनं देऊन टाकलं होतं.

गल्लीतल्या डॉक्टरांनी लघवीचं इन्फेक्शन म्हणून गोळ्या दिल्या. रक्त थांबलं. पुन्हा सुरू झालं. पुन्हा गोळ्या. तिसऱ्या वेळी मी हट्टानं सोनोग्राफी करून घेतली, तर मूत्राशयाच्या आतल्या भिंतीला गाठ. शहरातल्या एका खाजगी हॉस्पिटलात दुर्बिणीतून ती काढली. तपासणीचा अहवाल आला तो कॅन्सरचा. डॉक्टरांनी विचारलं, "मावशी, तंबाखू, मिश्री काही?" आईनं मिश्रीनं काळवंडलेले दात ओठांआड लपवले. "लहानपनापासून लावते," म्हणाली. "फडावर पहाटं उठायचं तर तेवढंच असायचं."

गाठ वरच्या थरातच होती. पण जात वाईट होती, परत येणारी. ती परत येऊ नये म्हणून आठवड्याला एकदा, असे सहा आठवडे मूत्राशयात लस सोडायची, असं डॉक्टर म्हणाले. तेव्हा आम्ही तिघं त्यांच्यासमोर बसलो होतो. आई, मी आणि माझा नवरा. बाळ माझ्या मांडीवर होतं. डॉक्टरांनी पेनानं बाळाच्या दंडाकडे खूण केली. तिथं लशीचा बारीक फोड येऊन वाळत आला होता.

"तीच लस. बीसीजी," ते म्हणाले. "टीबीच्या जातीचेच जंतू, पण दमवलेले. जिवंत असतात, बरं का. मेलेले असतील तर उपयोग नाही. नळीनं आत सोडायचे. शरीर त्यांच्यावर तुटून पडतं आणि त्या मारामारीत कॅन्सरच्या पेशी मरतात. फार जुना उपचार आहे, चांगला आहे."

आईनं सगळं लक्ष देऊन ऐकलं आणि म्हणाली, "म्हंजी जित्ते किडे सोडायचे पोटात?"

डॉक्टर हसले. मीही हसले असेन. नवरा मात्र खुर्चीत पुढं सरकला. "सर, घरात एवढं लहान बाळ आहे. कुणाला काही होणार नाही ना?"

या प्रश्नाला डॉक्टरांनी पुरेपूर वेळ दिला. लस दिली की दोन तास लघवी धरून ठेवायची. त्यानंतर सहा तास जेव्हा जेव्हा लघवी होईल तेव्हा संडासात ब्लीच ओतायचं, पंधरा मिनिटं थांबायचं आणि मग पाणी टाकायचं. हात साबणानं धुवायचे. कपडे वेगळे. एवढं पाळलं तर घरातल्यांना धोका नाही, त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितलं. नवऱ्यानं मोबाईलवर सगळं टिपून घेतलं. निघताना दारात मी विचारलं, "आणि आईला काही त्रास?"

"थोडी जळजळ, थोडा ताप. लघवीत रक्त दिसलं तर आधी सांगा, त्या दिवशी आपण देत नाही," ते म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक गेली.

आम्ही तेव्हा केडगावात पुणे रस्त्यापासून आत दोन खोल्यांत भाड्यानं राहत होतो. वर आम्ही, खाली घरमालकीण आणि तिचं कुटुंब. संडास जिन्याखाली, दोघांत एकच. नवरा नागापूरच्या एमआयडीसीत शिफ्टला जायचा. घरमालकीण माणूस म्हणून वाईट नव्हती. मी बाळंतीण होऊन आले तेव्हा तिनं डिंकाचे लाडू वर आणून दिले होते. आईशी तिची छान गट्टी होती. दुपारी दोघी पायरीवर बसून शेंगा सोलायच्या.

पहिल्या डोसच्या दिवशी मी आईला रिक्षानं घरी आणलं. दोन तास ती या कुशीवरून त्या कुशीवर होत पडून राहिली, लस सगळीकडं लागावी म्हणून. मग उठली. मी ब्लीचची बाटली घेऊन तिच्यामागं जिना उतरले. ती बाहेर आली, मी आत बाटली ओतली, दार ओढून घेतलं आणि बाहेर उभी राहिले. त्या लशीनं लघवी सारखी लागते. थोड्या वेळानं पुन्हा तेच. संध्याकाळपर्यंत जिना ब्लीचच्या वासानं भरून गेला होता. घरमालकिणीचा मुलगा दोनदा दाराशी येऊन परत गेला होता.

"काय चाललंय ताई?" तिनं विचारलं.

मी शिक्षिका. मुलांना खरं बोला म्हणून शिकवणारी. मी खरं ते सांगितलं. मूत्राशयात गाठ होती, काढली, आता टीबीची लस आत सोडतात, खबरदारी म्हणून हे. माझ्या एवढ्या मोठ्या वाक्यातला एकच शब्द तिला ऐकू आला.

"टीबी?"

"टीबी नाही. टीबीची लस. तुमच्या मुलाला लहानपणी दिली असेल तीच."

"पण जिवंत जंतू असतात म्हणता. आम्हांला काही होणार नाही ना?"

मी तिला सगळं समजावलं, डॉक्टरांनी सांगितलं होतं तसंच. तिनं मान डोलावली. पुढच्या आठवड्यात डोसच्या दिवशी जिन्याखालच्या दाराला कुलूप होतं. "त्या दिवसापुरतं तुम्ही वरच काहीतरी सोय करा," ती म्हणाली, आणि आवाज अगदी गोड होता.

वर सोय म्हणजे मोरी. आईनं मोरीत बादली ठेवली. ब्लीच तिनं स्वतःच ओतायचं, मला हात लावू द्यायची नाही. "तू अंगावर पाजतीस. लांब हो." मोरीचं छोटं भोक तुंबू नये म्हणून ती पाणी मोजून वापरायची. आणि मग तिनं पाणी पिणंच बंद केलं. लस बाहेर पडल्यावर भरपूर पाणी प्या, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. मी तांब्या भरून तिच्या उशाशी ठेवायचे, संध्याकाळी तो तसाच असायचा.

"का पीत नाहीस?"

"पेलं की जावं लागतं."

"मग जायचं!"

"तुला काय कळतं? फडावर बाप्यांच्या मधी दीस दीस कळ काढलीय. आता एका दिवसाचं काय घेऊन बसलीस?"

तिच्या तोंडावर राग नव्हता. मला मात्र आला होता, आणि तो कुणावर काढायचा ते कळत नव्हतं.

नवऱ्याचं सांगायचं तर, तो आईशी कधी वाकडं बोलला नाही. "मामी, जेवलात का?" रोज विचारायचा. पण पहिल्या डोसनंतर मला बाजूला घेऊन म्हणाला, "त्या दिवशी तरी बाळाला त्यांच्याकडे नको देऊ." मी म्हटलं, ठीक आहे. दुसऱ्या डोसनंतर ‘त्या दिवशी’चे दोन-तीन दिवस झाले. तिसऱ्यानंतर तो कामावरून आला आणि बाळ आईच्या मांडीवर दिसलं तर चपला न काढता पुढं होऊन उचलून घ्यायचा. "ये गं बाबाकडं," असं म्हणून. लाडानं उचलल्यासारखं.

आई मूर्ख नव्हती. आठवडाभरात तिनं बाळाला घेणं सोडलं. पाळण्याची दोरी लांबून ओढायची. मी भांडले नवऱ्याशी. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलंय, मांडीवर घेतल्यानं काही होत नाही, ताटातलं खाल्ल्यानं होत नाही. तो म्हणाला, "त्यांचं काय जातं सांगायला? त्यांच्या घरात नाही ना हे. आणि उद्या झालंच काही तर तू कुणाला विचारणार?" तो भ्यायला होता एवढं खरं. मी त्याला ते भिणं अजून पुरतं माफ केलेलं नाही.

चौथ्या डोसच्या दिवशी मुख्य डॉक्टर बाहेरगावी होते. लस द्यायला एक तरुण मदतनीस डॉक्टर आणि नर्स होती. मी पडद्याच्या अलीकडं उभी. आईचं कण्हणं ऐकू आलं. नळी जाईना. म्हातारपणी तिथली जागा आकसते, नर्स म्हणाली, दुसरी नळी घेऊ. पुन्हा प्रयत्न. आई एकदम ओरडली. तिला मी ओरडताना कधी ऐकलं नव्हतं. मी पडदा सारून आत गेले, तर नळीत लाल रंग उतरत होता. पातळ नाही, चांगला लाल.

"रक्त येतंय," मी म्हटलं. "रक्त असलं की देत नाही, असं सर म्हणाले होते."

त्या तरुण डॉक्टरनं फोन लावला. मला त्याचीच बाजू ऐकू येत होती. "हो सर... थोडंसं आहे... नळीचंच असणार... हो, मिक्स करून झालंय... ओके सर." फोन ठेवून तो माझ्याकडं वळला. "सर म्हणाले ते आधीपासून रक्त जात असेल तर. हे आत्ता नळी घासून आलंय. त्याचं काही नाही. आणि लस मिसळलेली आहे, आता ठेवता येत नाही. वाया जाईल."

"चालेल का पण?"

"मॅडम, आम्ही रोज करतो हे."

आईनं माझा हात धरला होता. "होऊ दे बाई लवकर," ती पुटपुटली. लस आत गेली.

दिवस मावळायच्या आत तिला थंडी वाजायला लागली. साधी थंडी नाही. खाट हलत होती. मी होत्या नव्हत्या त्या गोधड्या तिच्यावर टाकल्या, वरून स्वतः दाबून धरलं, तरी तिचे दात वाजत होते. मग ताप चढला, असा की कपाळावर हात ठेववेना. हॉस्पिटलला फोन केला. "लशीचा ताप येतोच. पॅरासिटामॉल द्या. एक-दोन दिवसांत उतरेल." दोन दिवसांनी उतरला नाही म्हणून नेलं, तर सलाइन लावून, व्हायरल आहे, सध्या सगळीकडं साथ आहे, असं सांगून परत पाठवलं. पुढचा डोस ताप गेल्यावर बघू, म्हणाले.

ताप गेला नाही. सकाळी उतरायचा, दिवस कलला की चढायचा. रात्री घामानं उशी भिजायची. भाकरीचा तुकडा तिच्या तोंडात तसाच फिरत राहायचा. मनगटातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. पुन्हा हॉस्पिटल, पुन्हा दुसऱ्या गोळ्या. प्रत्येक वेळी तेच एक वाक्य: "होतं असं."

मी भावाला फोन केला. तो तोवर कारखान्यावरून गावी परतला होता. म्हटलं, बाळाला पाळणाघरात ठेवून मी शाळेत जातेय, काही दिवस तू ये किंवा आईला घेऊन जा.

"ताई, दाजींचा फोन आल्ता मला," तो म्हणाला. "आईच्या पोटात टीबीचं जंतू सोडल्यात म्हनं. माझी पोरं बारकी हायेत. त्यान्ला काय होनार न्हाई ना?"

"नाही होत रे. डॉक्टरांनी सांगितलंय."

"मंग तुमच्याच घरात का भ्यात्यात?"

मी फोन ठेवला. नवऱ्याला विचारलं, तू त्याला फोन का केलास? तो म्हणाला, मुलगा आहे तो, त्याची जबाबदारी नाही का? भांडण मी तिथंच थांबवलं. आत खाटेवर आई जागी होती, आणि खोल्या दोनच.

शेवटी शाळेतल्या एका सहकारी बाईंच्या सांगण्यावरून मी तिला भिंगारच्या एका फिजिशियनकडे नेलं. वयस्क बाई होत्या, फार बोलणाऱ्या नव्हत्या. त्यांनी आईचे डोळे पाहिले. पांढऱ्या भागावर पिवळी झाक आली होती. ती मला रोज बघून दिसली नव्हती. पोट दाबून पाहिलं. मग विचारलं, "ताप सुरू होण्याआधी काही प्रोसिजर झाली होती का?" मी सांगायला लागले. नळीत आलेल्या रक्तापर्यंत पोचले तेव्हा त्यांनी पेन खाली ठेवला.

"रक्त येत असताना दिली?"

"हो. नळीचं आहे म्हणाले."

त्यांनी पेन पुन्हा उचलला. तपासण्या सांगितल्या. लिव्हर सुजलेलं निघालं, स्कॅनमध्ये फुप्फुसात बारीक दाणे. लशीतले जंतू जखमेतून रक्तात गेले आणि अंगभर पसरले, असं त्या म्हणाल्या. क्वचित होतं, पण होतं. आता टीबीच्या गोळ्या कित्येक महिने घ्याव्या लागतील. लस बंद.

आईनं विचारलं, "क्वचित म्हंजी?"

"म्हणजे फार थोड्या लोकांना, मावशी. एखाद्यालाच."

आई माझ्याकडं बघून म्हणाली, "ते एखादं दरखेपी मीच कशी सापडते गं?"

डॉक्टरबाई चिठ्ठी लिहू लागल्या. मी त्यांना तो ठरलेला प्रश्न विचारला नाही. पण त्यांनी आपणहून सांगितलं, "यांच्यापासून घरात कुणाला काही होत नाही. निर्धास्त राहा." जणू सगळे तेच विचारायला येतात.

गोळ्यांनी ताप आठवडाभरात नरमला. मला वाटलं, सुटलो. त्याच सुमारास एक दिवस शाळेतून आले तर आई भिंतीकडं तोंड करून बसलेली. चूल, म्हणजे गॅस, पेटलेला नव्हता. काय झालं, काही नाही. जेवलीस का, भूक नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच. जिना उतरवत नव्हता म्हणून ती अजून मोरीतली बादलीच वापरायची; संध्याकाळी मीच तीत डोकावून पाहिलं. लघवी लाल-नारिंगी होती.

त्या गोळ्यांपैकी एकीनं लघवीला तसा रंग येतो. औषधवाल्यानं सांगितलं नव्हतं, डॉक्टरबाईंकडून राहून गेलं असेल. आईला वाटलं होतं, गाठ परत आली. दोन दिवस ती हे पोटात ठेवून बसली होती.

"मला सांगायचं नाहीस?" मी ओरडलेच.

"सांगून काय? परत न्यायाचीस तिथंच. परत ते नळी घालनार." आणि मग हळूच, "मला तिथं न्हाई जायचं. मरायचं तर इथंच मरू दे."

मी तिला गोळीचं पाकीट दाखवलं, रंगाचं समजावलं. तिचा विश्वास बसला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं गोळी उशिरा घेतली, रंग कसा बदलतो ते स्वतः पाहिलं आणि तेव्हा कुठं चहा प्यायली.

टीबीच्या गोळ्यांचं पाकीट कचऱ्यात घरमालकिणीला दिसलं. या वेळी ती वर आली नाही, तिच्या नवऱ्यानं माझ्या नवऱ्याला गाठलं. "आधी लस म्हणालात, आता तर गोळ्याच टीबीच्या." महिनाअखेर खोल्या रिकाम्या कराव्यात, एवढंच. त्याच केडगावात थोडं आत आम्हाला दुसरी जागा मिळाली. टेम्पोत सामान चढवताना घरमालकीण बाहेर आली आणि बाळाच्या हातावर काहीतरी ठेवायला वाकली. मी बाळाला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिचा हात तसाच राहिला. मला त्याचं काही वाटलं नाही, आजही वाटत नाही.

नव्या जागेत संडास आमचा आमचा होता. पण आई तिथं जेमतेम पंधरवडा राहिली. अंगात थोडी ताकद आली तशी म्हणाली, मला गावाला घाल. मी म्हटलं, भाऊ ठेवणार नाही. "तो कोन मला ठिवनार? घर माझं हाय." आणि ती गेली. भावानं शेळ्यांच्या पत्र्याशेजारी तिच्यासाठी आडोसा करून दिला, तिथं ती वेगळी राहते, वेगळं शिजवते. गावात तिला टीबीची म्हातारी म्हणतात. तिनं गोळ्या मात्र शेवटपर्यंत घेतल्या, एक दिवस न चुकता. बरी झाली. आता खुरपायलाही जाते.

मधल्या काळात मी आईला कसंबसं राजी करून त्या पहिल्या हॉस्पिटलात नेलं. मुख्य डॉक्टर भेटले. दुर्बिणीची तपासणी करायची होतीच, ती त्यांनी स्वतः केली आणि फार खुशीत बाहेर आले. "एकदम स्वच्छ! गाठीचा मागमूस नाही. बघा, लशीनं काम केलं."

मी म्हटलं, "आणि त्या दिवशी रक्त आलं असताना दिली, त्याचं काय?"

त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं नाही, नुसतं घट्ट झालं. "ते त्याच्यामुळंच झालं असं कुणी छातीठोक सांगू शकत नाही. धोका असतो, तो आम्ही आधी सांगतो. तुमची सही आहे."

"तुम्ही फोनवर हो म्हणालात."

"मॅडम, आई बरी आहे ना? मग?"

आई बाजूच्या बाकावर पदर सावरत बसली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. मला म्हणाली, "चल. त्यांचं बी खरंच हाय. मी मेले असते तर त्यान्ला वाईट वाटलं असतं."

मला आजही धड ठरवता येत नाही. गाठ परत आलेली नाही हे खरं, आणि ते त्या लशीमुळंच असेल हेही खरं. मागच्या वर्षी शाळेतल्या शिपायाच्या बायकोनं मला गाठलं. तिच्या सासऱ्यांना तोच आजार, तोच उपचार सुचवलेला. घ्यावा का? मी तिला नको म्हटलं नाही. म्हटलं, औषध चांगलं आहे, घ्या. पण नळी घालताना रक्त आलं तर त्या दिवशी घेऊ नका, लस वाया गेली तर जाऊ द्या. थंडी वाजून मोठा ताप आला तर घरी बसू नका, आणि ‘होतं असं’ एवढंच ऐकून परत फिरू नका. जिथं जाल तिथं ही लस घेतलीय हे सांगा. ती सगळं ऐकत होती. मग म्हणाली, "ते कळलं बाई. पण घरात पोरं हायेत, त्यान्ला..."

मी तिला वाक्य पुरं करू दिलं नाही.

तपासणी अजून ठराविक महिन्यांनी करावी लागते. भिंगारच्या डॉक्टरबाईंनी ओळख काढून दिलेल्या दुसऱ्या ठिकाणी आम्ही ती करतो. तारीख जवळ आली की मी फोन करते, तारीख सांगते. ती बरं म्हणते. सकाळच्या एसटीनं एकटी येते, माळीवाड्याच्या स्टँडवर उतरते. मी शाळेतून अर्धी रजा काढून तिथं जाते. तपासणी होते. नळीला ती अजूनही घाबरते, माझा हात धरते, पण ओरडत नाही. बाहेर आलो की मी दरवेळी म्हणते, "घरी चल. पोरगी घरभर पळते. खूप बोलते आता."

"फोटू दाखव," ती म्हणते.

मी मोबाईलवर दाखवते. ती डोळे बारीक करून बघते, काचेला बोट लावत नाही.

"ह्यांनी पण बोलावलंय तुला," मी म्हणते. आणि खरंच बोलावलेलं असतं. अहवाल चांगले आल्यापासून नवरा दरवेळी सांगतो, मामींना घेऊन ये.

"येईन की," ती म्हणते. "आज नगं. आज गाडी हाय."

मग मी तिला स्टँडवर सोडते. ती खिडकीची जागा धरते आणि पिशवी मांडीवर घेते. गाडी सुटेपर्यंत मी खाली उभी असते. ती माझ्याकडं बघत नाही. पुढं ड्रायव्हरकडं बघत बसलेली असते, गाडी कधी हलवतोय म्हणून.